आमेनच्या आधी

"...आणि हे प्रभू, डॉक्टरांना शहाणपण दे, औषधांना गुण येऊ दे..." एवढं म्हणून भेटबाई थांबल्या.

खोलीत तिघं जण होते आणि तिघांचेही डोळे मिटलेले होते. पलंगावर घड्याळवाले काका, वय ब्याऐंशी, खुब्याचं हाड मोडल्यापासून चौदा महिने आडवे. शेजारी लाकडी खुर्चीत भेटबाई, काकांचा उजवा हात दोन्ही हातांत धरून. आणि दाराच्या चौकटीत, अर्धी आत अर्धी बाहेर, काकांची सून. प्रार्थनेच्या वेळची तिची जागा ठरलेली होती. गॅसवर नेहमी काही ना काही असायचं.

प्रार्थनेत मध्येच थांबणं नवं नव्हतं. बोलणारा कधी शब्द शोधतो, कधी रडू आवरतो. बाकीच्यांनी डोळे उघडायचे नसतात; 'आमेन' येईपर्यंत वाट बघायची असते. सुनेने वाट बघितली. स्वयंपाकघरातून दूध उतू गेल्याचा वास आला. मग करपल्याचा वास आला. 'आमेन' काही आलं नाही. शेवटी तिने एक डोळा उघडला.

भेटबाईंची मान छातीवर झुकली होती. तोंड किंचित उघडं होतं आणि श्वास संथ चालला होता.

काकांचे दोन्ही डोळे सताड उघडे होते. मोकळ्या डाव्या हाताचं बोट त्यांनी ओठांवर ठेवलं. सून चवड्यांवर आत गेली, गॅस बंद करून आली. काकांनी समोरच्या भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे लंबकाचं मोठं घड्याळ होतं. दर अर्ध्या तासाला ते असे टोल द्यायचं की शेजारच्या घरातली माणसंही वेळ विचारत नसत. काकांनी बोट लंबकासारखं हलवलं आणि मग मूठ मिटली.

सून बघतच राहिली. लग्न होऊन ती या घरात आली त्याला बावीस वर्षं झाली होती. सासूबाई गेल्या त्या दिवशीही ते घड्याळ बंद झालं नव्हतं. काकांनी पुन्हा मूठ मिटली, या वेळी जरा रागाने. तिने स्टुलावर चढून लंबक धरला. बारा वाजून वीस मिनिटांनी घड्याळ थांबलं.

'भेटबाई' हे नाव त्यांना चर्चला येणाऱ्या मंडळीनेच दिलं होतं. चर्चच्या वार्षिक अहवालात 'गृहभेटी सेविका' असं छापून येई, पण तसं कुणी म्हणत नसे. वय छप्पन्न. एकोणीस वर्षं, आठवड्याचे सहा दिवस, रोजची सात-आठ घरं. आजारी, म्हातारे, बाळंतिणी, घरात माणूस गेलेले. पिशवीत गीतांचं पुस्तक आणि एक लांबट वही. वहीत रकाने आखलेले: तारीख, नाव, तब्येत, झोप, प्रार्थनाविषय. प्रत्येक घरी तेच तीन प्रश्न. तब्येत कशी? जेवण जातं का? झोप लागते का? उत्तरं वहीत उतरायची, मग प्रार्थना, मग पुढचं घर.

गेलं वर्षभर प्रार्थना करताना त्यांना काहीच वाटत नव्हतं. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. ज्यांना सांगावं अशी सगळी माणसं वहीत होती, आणि वहीतल्या माणसांना आपलं रडगाणं ऐकवायचं नसतं. सकाळी चप्पल पायात सरकवताना त्या क्षणभर दाराला टेकून उभ्या राहायच्या. पूर्वी राहायच्या नाहीत. मनगटावरचं घड्याळ पंधरा दिवसांपासून बंद होतं. दर गुरुवारी घड्याळवाल्याच्या घरी येऊनही त्यात सेल टाकून घ्यायची सवड त्यांना झाली नव्हती.

नवरा गेला त्या दुपारी त्या दुसऱ्या कुणाच्या तरी उशाशी बसल्या होत्या. घरी सतरा वर्षांची लेक एकटी होती. लेक त्यावर कधी बोलली नाही. आता ती दूरच्या शहरात होती, पहिलटकरीण, बाळंतपणाला तीन आठवडे उरलेले. सोमवारी तिचा फोन आला होता.

"आई, शेवटचं विचारते. येणार आहेस का?"

"अगं, बघते ना. इकडे एक ऑपरेशन आहे, दोघं जण अगदी—"

"शुक्रवारपर्यंत सांग. नाही जमलं तर सासूबाईंना बोलावते. आणि मग मी परत कशालाच विचारणार नाही."

ती रागावली नव्हती. म्हणूनच मंगळवारी भेटबाईंनी चर्चच्या पाळकसाहेबांच्या कानावर घालून बघितलं. पाळकसाहेब म्हणाले, "ताई, तुमच्यावाचून मंडळीचं पान हलत नाही." ते मनापासून म्हणाले होते. भेटबाईंनी मान डोलावली आणि पुढच्या घरी गेल्या.

आज गुरुवार होता.

वही पलंगावर उघडीच पडली होती. काकांनी डाव्या हाताने ती जवळ ओढली, लांब धरून वाचली आणि एका ओळीवर बोट ठेवून सुनेला दाखवली. 'दुपारी १. शिवणवाल्या बाई, हॉस्पिटल. दीडला ऑपरेशन. आधी प्रार्थना. खूप घाबरल्यात.'

काकांनी सुनेकडे बोट केलं.

"मी?" सुनेने नुसते ओठ हलवले.

त्यांनी मान हलवली.

"मला नाही येत!"

काकांनी दाराकडे बोट दाखवलं. सुनेने पदराला हात पुसले, पुन्हा एकदा सासऱ्यांकडे बघितलं आणि चपला हातात घेऊन बाहेर पडली.

त्यानंतर खोलीत काही घडलं नाही. काकांचा उजवा हात आधी जड झाला, मग त्याला मुंग्या आल्या, मग तो आहे की नाही तेच कळेना. त्यांनी तो हलवला नाही.

भेटबाईंना जाग आली ती दचकूनच. समोर घड्याळात बारा वीस झाले होते. म्हणजे पाच-दहा मिनिटंच. काकांचे डोळे मिटलेले होते. त्यांनीही घाईघाईने डोळे मिटले.

"...औषधांना गुण येऊ दे, घरच्यांना धीर दे, लेकराबाळांना सांभाळ. आमेन."

"आमेन," काका म्हणाले.

"सूनबाई कुठे गेली?"

"येईल. बाहेर गेलीय जरा."

"बरं काका, निघते मी. एकला हॉस्पिटलात पोचायचंय."

"घाई नको करूस."

बाहेर आल्यावर काहीतरी चुकतंय असं त्यांना वाटलं. येताना रस्त्याच्या या बाजूला ऊन होतं, ते आता पलीकडे गेलं होतं. बेकरीचं दार बंद होतं, आणि बेकरी दीडच्या आधी कधी बंद होत नाही. त्या औषधांच्या दुकानाशी थांबल्या.

"किती वाजले हो?"

"सव्वादोन," दुकानदार म्हणाला. "ताई, तुमच्या गालावर वळ कसले?"

गालावर त्यांच्याच साडीच्या काठाचे वळ होते.

हॉस्पिटलचं अंतर पंधरा मिनिटांचं. त्या दहा मिनिटांत पोचल्या. शिवणवाल्या बाईंना त्यांनी शब्द दिला होता: तुम्हाला आत नेतील तेव्हा मी असेन. एकोणीस वर्षांत दिलेला शब्द मोडला नव्हता. नवरा गेला त्या दिवशीसुद्धा असाच एक शब्द त्यांनी पाळला होता.

ऑपरेशन थिएटरबाहेरच्या बाकावर काकांची सून बसली होती. मांडीवर चष्म्याची डबी, पायाशी दुसऱ्या कुणाच्या तरी चपला नीट जोडून ठेवलेल्या.

"तू इथे?"

"बाबांनी पाठवलं." सून उठून उभी राहिली, शाळेत बाईंसमोर राहावं तशी. "मावशी, रागावू नका. तुम्हाला झोप लागली होती."

"किती वेळ?"

"दोन तास असतील."

"अगं, मग उठवायचं नाही का? ती बिचारी माझी वाट बघत..."

"बघत होत्या ना. आधी तुमचंच नाव घेतलं. मग नर्स आली, म्हणाली केसांच्या दोन वेण्या घाला, टोपीत बसत नाहीत. त्यांचे हात नुसते लटलटत होते. मग मीच घातल्या."

"आणि प्रार्थना?"

"म्हणाल्या, तूच कर. मी म्हटलं, अहो, मला बाई नाही येत. मग आम्ही दोघींनी मिळून प्रभूची प्रार्थना म्हटली. ती काय, सगळ्यांनाच पाठ असते." सून थांबली. "मध्येच मी चुकले."

"त्यात काय चुकतेस!"

"घाबरले ना. एक ओळ गाळली. त्यांनीच दुरुस्त केली. म्हणाल्या, एवढी वर्षं पहिल्या बाकावर बसतेस आणि हे येत नाही? आणि हसायलाच लागल्या. हसतच आत गेल्या मावशी."

भेटबाई बाकावर बसल्या. सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याच्याच मागोमाग दुसरंही काही वाटलं, बारीक आणि बोचरं. आपल्यावाचून झालं. हसतसुद्धा गेली. आपल्यासमोर आत जाताना कुणी हसल्याचं त्यांना आठवेना.

तीन वाजता डॉक्टर बाहेर आले. ऑपरेशन नीट झालं होतं. मग दोघी काकांच्या घरी परतल्या.

"काका, तुम्ही मला फसवलंत," भेटबाईंनी दारातूनच सुरुवात केली. "घड्याळ बंद करून! तुम्ही!"

"बस आधी." काका उजवा हात डाव्या हाताने चोळत होते. "चहा टाक गं. दूध मघाशी गेलं, कोराच टाक."

"चहा नको मला."

"मला हवाय. हात मेलाय माझा तुझ्यापायी."

त्या बसल्या.

"तुझी प्रार्थना मला पाठ आहे," काका म्हणाले. "आधी डॉक्टर, मग औषधं, मग घरचे, मग लेकरंबाळं. आज तू औषधांपाशी झोपलीस. घरच्यांपर्यंत पोचलीच नाहीस."

सुनेने स्वयंपाकघरात हसू दाबलं. ते बाहेर ऐकू आलं.

"आणि दोन तासांनी उठलीस ती औषधांपासूनच पुढे. एक शब्द मागेपुढे नाही. मी म्हटलं, वा! टेपसुद्धा जरा घरघरते परत लावली की."

भेटबाईंना काहीतरी उत्तर द्यायचं होतं. तोंड उघडलं आणि रडूच आलं. दुसऱ्यांच्या घरी त्या कधी रडल्या नव्हत्या. आता रडल्या त्या नाक लाल होईपर्यंत, पदर ओला होईपर्यंत. काकांनी रडू दिलं. सून चहा घेऊन आली, उंबऱ्यात थबकली आणि या वेळी पूर्ण आत येऊन स्टुलावर बसली.

"वर्षभर काही वाटत नाही हो काका," भेटबाई म्हणाल्या. "नुसतं तोंड चालतं. ढोंगीपणाच की हा."

"ढोंग कसलं? थकलीयेस." काकांनी बशीत चहा ओतला. "प्रभू होडीत झोपला होता, आठवतं? भर वादळात. उशी घेऊन बरं का. शिष्यांनी उठवलं. मी त्या होडीत असतो तर नसतं उठवलं."

"बुडाला असतात सगळे."

"त्यानेच पाठवलेली होडी. बुडते कशाला?"

मग लेकीची गोष्ट निघाली. एकदम नाही, चहा संपल्यावर, तुकड्यातुकड्याने. काकांनी मध्ये एकदाही तोंड घातलं नाही. शेवटी एवढंच विचारलं, "शुक्रवार म्हणजे उद्या?"

"हो."

"वही इथे ठेवून जा."

"काका, तुम्हाला कुशीवर वळता येत नाही."

"फोन करता येतो. कुणाच्या घरी कुणी जायचं एवढं ठरवायला पाय कशाला लागतात? ही आहेच." त्यांनी सुनेकडे हनुवटी केली. "वेण्या घालते, प्रार्थनेत चुकते. लोकांना आवडेल."

"बाबा!"

शुक्रवारी सकाळी पाळकसाहेब ऑफिसात रविवारच्या सूचनापत्रांना घड्या घालत बसले होते. समोर प्रवचनाचा कागद अर्धा लिहिलेला, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. भेटबाई उभ्यानेच बोलल्या.

"पाळकसाहेब, मी महिनाभर नाही. लेकीचं बाळंतपण आहे."

"अहो ताई, पण तुमच्यावाचून पान—"

"हलत नाही. माहितीये. नको हलू दे महिनाभर."

पाळकसाहेबांच्या हातातली घडी अर्धवट राहिली.

"पण वही? भेटी?"

"वही घड्याळवाल्या काकांकडे आहे. काल संध्याकाळपासून फोन चाललेत त्यांचे. तुमच्या वाट्याला दोन घरं आलीत. सोमवारी निवृत्त हेडक्लार्क, गुरुवारी स्वतः काका."

"हेडक्लार्क?" पाळकसाहेबांचा आवाज उतरला. गेली चार वर्षं ते गृहस्थ प्रत्येक प्रवचनातल्या चुका चिठ्ठीवर लिहून त्यांना देत होते. "काकांनी हे मुद्दाम केलं का?"

"त्यांनाच विचारा."

त्यांनी घडी केलेले कागद बाजूला सारले. "ताई, खरं सांगू का? तुम्ही थकत असाल हे मला दिसत होतं. मी विचारलं नाही. विचारलं असतं तर..."

"तर माझ्या जागी तुम्हाला जावं लागलं असतं."

पाळकसाहेब हसले. मग खुर्चीकडे हात करून म्हणाले, "बसा ना जरा. गाडी कधीची?"

लेकीला त्यांनी चर्चच्या पायरीवरूनच फोन लावला.

"येते मी."

"किती दिवस?"

"महिनाभर."

पलीकडून घाबरलेला आवाज. "आई, तुला काही झालंय का?"

"झोप झाली," भेटबाई म्हणाल्या.

शनिवारी त्या गेल्या. तिथे सतराव्या दिवशी नात झाली. रात्रंदिवस कळा सोसणाऱ्या लेकीचा हात धरून त्या बसल्या आणि तो त्यांनी एकदाही सोडला नाही. बाळ ओंजळीत आलं तेव्हा त्यांनी सवयीने डोळे मिटले. "प्रभू," म्हणाल्या. पुढे डॉक्टर आठवले नाहीत, औषधं आठवली नाहीत, काहीच सुचलं नाही. लेकीने विचारलं, "आमेन नाही म्हणायचं?" त्या म्हणाल्या, "थांब गं जरा."

रोज सकाळी नऊला त्यांचा हात फोनकडे जायचा. पहिल्या आठवड्यात लेकीने तो काढून घेतला. दुसऱ्या आठवड्यापासून तशी गरज पडली नाही.

बुधवारी संध्याकाळी त्या परतल्या आणि गुरुवारी अकरा पन्नासला काकांच्या दारात उभ्या राहिल्या.

पलंग होता. गादी गुंडाळून पायथ्याशी ठेवलेली होती. भिंतीवरचं घड्याळ चालू होतं.

"या मावशी," सून म्हणाली.

भेटबाईंनी गादीकडे बघितलं. "कधी?"

"वीस दिवस झाले. पहाटे, झोपेतच गेले."

"मला कळवलं नाहीत."

"त्यांनी बजावून ठेवलं होतं. म्हणाले, कळवलंत की येईल धावत. आणि एकदा धावायला लागली की परत थांबायची नाही."

भेटबाई आपल्या नेहमीच्या खुर्चीत बसल्या. ज्या गोष्टीला त्या एकोणीस वर्षं भीत आल्या होत्या ती घडून गेली होती. त्या नसताना वहीतला एक जण गेला होता. "जवळ कोण होतं?" त्यांनी विचारलं.

"मी होते. आदल्या दिवशी पाळकसाहेब येऊन बसले होते, चांगले तीन तास. हेडक्लार्क पण आले, काठी टेकत. दफनाच्या वेळी पाळकसाहेबांचं प्रवचन झाल्यावर त्यांनी चिठ्ठी दिली."

"अगं बाई! त्या दिवशीसुद्धा?"

"कोरी होती."

सुनेने वही आणून त्यांच्या मांडीवर ठेवली. रकाने तेच, अक्षरं निरनिराळी. कुणाचं तिरकं, कुणाचं मोठंच्या मोठं, शिवणवाल्या बाईंचं पेन्सिलीतलं. कुठे झोपेच्या रकान्यात जेवण लिहिलेलं, कुठे एक भेट चुकलेली आणि दुसऱ्या दिवशी भरून काढलेली. त्या गुरुवारच्या ओळीत पाळकसाहेबांचं बारीक अक्षर होतं. 'घड्याळवाले काका. तब्येत: क्षीण. झोप: छान. प्रार्थनाविषय: आज त्यांनी माझ्यासाठी केली.'

भेटबाईंनी भरलेली सगळी पानं उलटली. पुढच्या पानांवर अजून काही भरलेलं नव्हतं. फक्त प्रत्येक गुरुवारी, बाराच्या ओळीत, थरथरत्या हाताने एकच नाव लिहिलेलं होतं. भेटबाई. पुढच्या गुरुवारी तेच. त्याच्या पुढच्या गुरुवारी तेच. त्यांनी वहीच्या शेवटापर्यंत पानं उलटली.

"पडल्या पडल्या लिहीत होते," सून म्हणाली. "दोन दिवस लागले त्यांना."

तिने स्टूल ओढून समोर घेतलं, वही परत आपल्याकडे घेतली आणि पेन उघडलं. तिला थोडं अवघडल्यासारखं झालं होतं.

"तब्येत कशी?"

"बरी आहे."

"जेवण जातं का?"

"जातं."

"झोप लागते का मावशी?"

"नात झोपू द्यायची नाही," भेटबाई म्हणाल्या. "पण लागते. आता लागते."

सुनेने ते जसंच्या तसं लिहिलं. मग ती उठली, स्टूल भिंतीशी नेऊन त्यावर चढली आणि घड्याळाचा लंबक धरला. खोली एकदम शांत झाली. परत येऊन तिने भेटबाईंचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"हे प्रभू," ती म्हणाली, आणि पुढचं सुचेपर्यंत थांबली.

भेटबाईंनी डोळे मिटून घेतले.